शारदाबाईंचा शिवणवर्ग

शारदाबाई महाजन आम्हाला चौथीत गणित आणि मराठी शिकवायच्या. त्या कधी ओरडायच्या नाहीत. ओरडायला जी ताकद लागते ती त्या शाळेत आणतच नसत. खडू हातात घेऊन फळ्याशी उभ्या राहायच्या, एखादं वाक्य अर्धं लिहायच्या आणि क्षणभर डोळे मिटायच्या. आम्हा मुलींना वाटायचं, बाईंना पुढचं आठवत नाहीये. सुया टोचून टोचून त्यांच्या बोटांची टोकं खरबरीत झाली होती. त्याचं मात्र कोणाला नवल नव्हतं. बाई मंगळवारी आणि शनिवारी दुपारी बायकांचा शिवणवर्ग चालवतात, हे सगळ्या बुऱ्हाणपुराला माहीत होतं.

त्या वर्गात शिवण होत नव्हतं, गाणं होत होतं, हे मला फार पुढे कळलं. थोडं बाईंनीच सांगितलं. बरंचसं निंबोल्याच्या सरुबाईंकडून ऐकलं.

बाईंचं माहेर रावेरचं. वडिलांना हौस होती, त्यांनी मुलीला चार वर्षं गाणं शिकवलं. लग्न होऊन बाई इकडे आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांची पेटी उघडून पाहिली, एकदा भाता हलवला, "छान आहे" म्हणाले आणि माळ्यावर ठेवायला सांगितली. ती तिथेच राहिली. सासरे गेले, सासूबाई गेल्या, तरी पेटी खाली आली नाही. तोवर बाई शाळेत लागल्या होत्या आणि त्यांचे पती अनंतराव एका जिनात मुनीम होते. जिनात कापसातली सरकी काढायची, रुईच्या गठाणी बांधायच्या, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत यंत्रांची धडधड. बाकीचे महिने जीन गप्प असे, आणि अनंतरावही मुळात गप्पच होते.

संस्थानं विलीन होत होती त्या वर्षांतली ही गोष्ट. शाळेच्या प्रार्थनेसाठी एखादं वाद्य घ्यायचं ठरलं आणि ते पाहायला बाई सिंधीपुऱ्यात एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेल्या. दुकानात एक तंबोरा भिंतीला टेकवलेला होता. बाईंनी त्याच्या भोपळ्यावर हात ठेवला.

"ये प्रार्थना का नहीं है," म्हातारा म्हणाला. "दरबार में बजा हुआ है. तुम्ही पेटी घ्या."

तंबोऱ्याची मालकीण तिथेच कोपऱ्यात बसली होती. पन्नाशीची, पांढरी साडी, कपाळावर लहानसं कुंकू. ती विकायला आली होती आणि दोघांचा सौदा अजून ठरला नव्हता. बाईंनी विचारलं, "हा लावायचा कसा?" तिनं तंबोरा मांडीशी घेतला, खुंट्या पिळल्या, तारेखालचा जवारीचा दोरा जरासा सरकवला आणि तारा छेडल्या. बाई मला म्हणाल्या होत्या, "अगं, पंधरा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मी तिथेच दुकानात खाली बसून ऐकत राहिले."

तिचं नाव कोकिळा. बुऱ्हाणपुरातल्याच गाणाऱ्या बायकांच्या गल्लीतली. तरुणपणी नर्मदेपलीकडच्या एका लहान संस्थानात तिला नोकरी लागली आणि वीसएक वर्षं ती तिथे गायली. मग संस्थान विलीन झालं. राजाला तनखा मिळाला.

"नवे साहेब आले," कोकिळाबाई सांगत होती. "त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, तुमचं काम काय? मी म्हटलं, गाणं. ते भले माणूस होते. म्हणाले, बाई, हे खातंच आता राहिलेलं नाही."

"मग आता कुठे गाता?"

"कुठेच नाही. गल्लीत गायलं तर लोक वेगळ्याच कामासाठी जिना चढून येतात. या वयात त्यांना परत पाठवायचा कंटाळा येतो."

बाईंनी पुन्हा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "हा विकू नका. मला थोडे दिवस द्या."

पुढच्या सगळ्या गोष्टीची सुरुवात या एवढ्या वाक्यात झाली. बाईंच्या ओळखीत अशा कितीतरी बायका होत्या ज्यांनी माहेरी गाणं शिकून सासरी सोडलं होतं. हळदीकुंकवाला एखादी दोन ओळी गुणगुणायची आणि सासू आली की थांबायची. त्यांना गाणाऱ्या बायकांच्या गल्लीत नेणं शक्य नव्हतं आणि कोकिळाबाईला कुठल्याही घरात आणणं शक्य नव्हतं. गावात तेव्हा चार माणसं एकत्र जमली तरी लोक विचारत, कशासाठी. बायका जमल्या तर जास्तच.

बाईंनी नवऱ्याला विचारलं, "जीन बंद असतं तेव्हा गठाणींच्या कोठीचं काय करतात?"

"उंदीर असतात," अनंतराव म्हणाले. मग बायकोच्या तोंडाकडे पाहून त्यांनी विचारलं, "का?"

मालकाला त्यांनी शिवणवर्गाचं सांगितलं. नवं स्वराज्य होतं, स्त्रियांनी काहीतरी शिकावं असं सगळेच बोलत होते. मालकानं खुशीनं किल्ली दिली. कोठीच्या भिंती हातभर जाड, खिडकी एकच, आणि न विकलेल्या गठाणी तीन बाजूंना छतापर्यंत रचलेल्या. आत कोणी गायलं तर आवाज रुईत मुरून जायचा, अंगणात पोचायचा नाही. फाटकावर उखर्डू नावाचा राखणदार असे. त्याला एका कानानं कमी ऐकू यायचं आणि दुसऱ्यानं ऐकलेलं तो कोणाला सांगत नसे.

आधी तिघी आल्या, मग पाच, दुसऱ्या वर्षी नऊ. कुसुम नावाची वकिलाच्या घरातली विधवा होती, वय तिशीचं, आवाज जाडसर पण सुराला पक्का. रजनी सगळ्यांत लहान. तहसील कचेरीतल्या कारकुनाची बायको, मालूबाईंची सून. रजनी गायला लागली की कोकिळाबाई तंबोरा वाजवता वाजवता मान खाली घालायची. ती कोणाची तोंडावर तारीफ करत नसे. शिकवणं दुपारचं, म्हणून राग दुपारचे. सारंग, भीमपलास, मुलतानी. त्या बायकांना यमन कधी आलाच नाही, कारण यमनाच्या वेळेला त्या चुलीपाशी असत.

आणि बाई? बाई दाराशी बसत. एक कान फाटकाकडे.

खरं ओझं वेगळंच होतं. शिवणवर्गाला गेलेली बाई घरी काहीतरी शिवलेलं घेऊन गेली पाहिजे. सुरुवातीला बाई एकेक रुमाल द्यायच्या. मग घरच्यांच्या अपेक्षा वाढल्या. झबलं, परकर, पोलकं. नऊ बायका, गाणं दोन्ही हातांनी धरून शिकताहेत, सुई कोण धरणार? सकाळची शाळा, घरचा स्वयंपाक, दुपारचा वर्ग, आणि उरलेल्या वेळात बाई नऊ घरांचे कपडे शिवत. प्रत्येकीचा टाका थोडा वेगळा दिसावा म्हणून कुसुमचा मुद्दाम मोठा घालत, रजनीचा बारीक. त्यात झालं असं की रजनीच्या सासूला तो बारीक टाका फार आवडला. मालूबाई शेजारणींना दाखवत सुटल्या. "आमच्या सुनेचा हात बघा." मग शेजारणींची पोलकी रजनीकडे यायला लागली आणि रजनीकडून बाईंकडे.

अनंतराव एकदा म्हणाले, "तू त्यांना खरंच शिवण का शिकवत नाहीस? अर्धा वेळ हे, अर्धा वेळ ते."

"दोनच तास मिळतात," बाई म्हणाल्या. "त्यातला एक कसा घेऊ?"

सरुबाई आली ती हंगामाच्या शेवटी, चैत्राच्या तोंडाला. निंबोल्याला तिचं आणि नवरा लोटूचं शेत. केळी आणि थोडा कापूस. शेवटचा उरलासुरला कापूस घेऊन दोघं जिनात आली होती. लोटू वजनासाठी आत गेला आणि सरुबाई सावलीसाठी कोठीच्या भिंतीशी येऊन बसली, नेमकी त्या एका खिडकीखाली. थोड्या वेळानं तिनं सरळ दार ढकललं. आतल्या बायकांनी घाईघाईनं सुया उचलल्या.

"ठेवा त्या खाली," सरुबाई म्हणाली. "मी कोनाले सांगत नाही. मले फक्त बसू द्या."

त्यानंतर ती जमेल तशी यायची. कधी केळीचा घड विकायला आलेली, कधी बियाणं न्यायला. तिला गाता येत नव्हतं, शिकायचंही नव्हतं. भिंतीला पाठ लावून बसायची आणि उठताना लुगड्याला चिकटलेली रुई झटकायची. इतर बायका एकमेकींच्या केसांतली रुई वेचत, कारण शिवणवर्गात इतका कापूस कुठून आला हे कोणी विचारलं तर उत्तर नव्हतं.

चार वर्षं हे चाललं. मग मालूबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. घरात पाहुणे जमले होते आणि मालूबाईंनी कौतुकानं रजनीपुढे एक चोळी ठेवली. "सगळ्यांसमोर शिव गं. बघू देत." रजनीनं सुई घेतली, दोरा ओवला, पहिला टाका घातला आणि ओढला. दोरा सगळाच्या सगळा कापडातून बाहेर आला. तिनं शेवटाला गाठच मारली नव्हती. तिला गाठ मारायची असते हे माहीत नव्हतं.

 मालूबाईंनी चोळी उचलून ठेवली. पुढच्या मंगळवारी रजनी वर्गाला निघाली तेव्हा थोड्या वेळानं त्या मागून चालत आल्या.

बाईंनी त्यांना फाटकातून येताना पाहिलं. आत इशारा करायला वेळ होता. पण रजनी मुलतानी गात होती आणि, बाई मला म्हणाल्या, "का कोण जाणे, माझ्यानं तिला थांबवलं नाही. मला फार दमल्यासारखं झालं होतं. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते." मालूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी रजनीला पाहिलं, तंबोऱ्यामागे बसलेल्या कोकिळाबाईला पाहिलं आणि ओळखलंही. तरी गाणं संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग आत जाऊन सुनेचा हात धरला. जाताना बाईंसमोर थांबल्या.

"मास्तरीणबाई, चार वर्षं तुम्ही मला खोटा टाका दाखवलात," त्या म्हणाल्या. "मी तो गावभर मिरवला."

बाई दारातून बाजूला झाल्या.

आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. मालकानं अनंतरावांकडून किल्ली परत घेतली, दुसरं काही केलं नाही, पण त्यानंतर तो त्यांच्याशी फक्त कामाचंच बोलू लागला. शाळेच्या मंडळींनी बाईंना बोलावून विचारलं की मुलींच्या शाळेत शिकवणारी बाई कोणाच्या संगतीत बसते. बाईंनी खरं सांगितलं. वर्ष अर्ध्यावर असताना आमची चौथी त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांना पहिलीवर पाठवलं. आम्हाला कारण सांगितलं नाही. आम्ही मुली आपापसात म्हणालो, बाई आजारी असतील.

त्या आजारीच होत्या म्हटलं तरी चालेल. शाळेतून आल्या की चटईवर आडव्या व्हायच्या. अनंतराव दुपारी घरी आले की भात स्वतः वाढून घ्यायचे आणि ताट आवाज न करता ठेवायचे. नऊ घरांपैकी कोणी आलं नाही. यायची सोयच नव्हती. रस्त्यात कुसुम दिसली तर पदर सावरून दुसरीकडे बघायची. बाईंनाही कोकिळाबाईकडे जाणं झालं नाही. काय तोंड घेऊन जायचं, हे एक. आणि खरं म्हणजे पाय उचलत नव्हता.

"मला आता कोणी कशाला बोलावू नये," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"नाही बोलावणार," ते म्हणाले. "झोप."

गुढीपाडव्यानंतर सरुबाई आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. हंगाम संपला तरी कोठीला कुलूप दिसलं म्हणून विचारत विचारत घर शोधलं होतं. केळीची फणी खाली ठेवून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली.

"वर्ग कधी, बाई?"

"वर्ग संपला, सरुबाई."

"कोनं संपवला?"

बाईंनी सगळं सांगितलं.  शेवटी बाई म्हणाल्या, "आता मी थकले. माझ्यानं नाही होणार."

"थकल्याच असान," सरुबाई म्हणाली. "नऊ जनींचं शिवून मानूस थकनार नाही तं काय करन." तिनं बाईंचा हात ओढून बोटं पाहिली आणि परत ठेवला. "एक गोष्ट सांगा. चार सालात तुम्ही कितीक डाव गायल्या?"

बाई आठवू लागल्या.

"आठवू नका. एक डाव बी नाही. मी पाह्यलं ना. सगळ्या आत अन् तुम्ही दाराशी, राखनदारासारख्या."

"कोणीतरी बसायला हवंच होतं."

"मंग आता मी बसते," सरुबाई म्हणाली. "आमच्या केळीत या. आत शिरलं का ढोल वाजवा, बांधावरच्याले आयकू येत नाही. गाडी लोटू आनन. चहा मी करन. कोकिळाबाईले मी सांगन. तुम्ही काहीच करू नका, फक्त या."

"आणि घरोघर काय सांगायचं? पुन्हा शिवण?"

"शिवन गेलं चुलीत. गानं म्हनून सांगायचं. याची असन ती येईन."

"मग कोणीच येणार नाही."

"मी येईन. वावरच माझं आहे, मले तं याच लागन." सरुबाई स्वतःशीच हसली. मग म्हणाली, "बाई, मले काही गाता येत नाही. पन निंदाले बसली का आता डोक्यात काहीतरी चालू राह्यते. पह्यले नव्हतं. पह्यले फक्त निंदनं होतं. हे तुमच्यापायी झालं. कोकिळाबाईनं गायलं, पन तिले तिथं आनलं कोनं? तुम्ही आनलं. हे तुम्हाले कोनी सांगितलं नसन, म्हनून मी सांगून राह्यली."

बाई म्हणाल्या, "बघू." तेवढंच. सरुबाई उठून गेली. तिनं हट्ट केला नाही.

पण ती तिथून थेट कोकिळाबाईच्या गल्लीत गेली. निंबोल्याच्या शेतकरणीला त्या जिन्याची लाज वाटण्याचं कारण नव्हतं. दिवसाढवळ्या चढली आणि उतरली. पुढच्या रविवारी बाईंच्या दारात बैलगाडी उभी राहिली. बाई म्हणाल्या, आज नको. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा उभी राहिली. लोटू बैलांना पाणी दाखवत बसला होता. बाई पुन्हा नको म्हणाल्या. तिसऱ्या वेळी अनंतराव म्हणाले, "त्या माणसाची अर्धी दुपार जाते. जाऊन ये, निदान त्याला नाही म्हणायला तरी." बाई गाडीत बसल्या.

केळीच्या बागेत उन्हाळ्यातही गार असतं. पानं वर एकमेकांत गुंतलेली, खाली ओली काळी माती, पाटाचं पाणी हळू सरकत असलेलं. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत सरुबाईनं घोंगडी अंथरली होती. कोकिळाबाई आधीच येऊन तंबोरा लावत होती. इतक्या महिन्यांनी दोघी समोरासमोर आल्या.

"मी यायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"बसा," कोकिळाबाई म्हणाली. "आज दाराशी नका बसू. इथं दार नाही."

बाई बसल्या. सरुबाई लांब बांधाकडे तोंड करून बसली. कोकिळाबाईनं भीमपलासचे सूर भरले आणि मान हलवून खूण केली. बाईंनी तोंड उघडलं. आवाज आला तो फळ्याशी उभं राहून सुकलेला, मास्तरणीचा. कोमल निषादावर पोचायच्या आत फुटला. पुन्हा केला, पुन्हा फुटला. चार वर्षं त्यांनी तो राग शंभर वेळा ऐकला होता, प्रत्येक जागा त्यांना ठाऊक होती, आणि गळ्यातून एकही निघत नव्हती.

"माझं गेलं ते," बाई म्हणाल्या. "माझं वय गेलं यात."

कोकिळाबाईनं ते नाकारलं नाही. "हो, गेलं थोडं," ती म्हणाली. "नुसता सा लावा."

त्या दुपारी तिनं बाईंना षड्जाच्या पुढे जाऊ दिलं नाही. एकच सूर. लावायचा, मोडला की सोडायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा लावायचा. सरुबाई मध्ये चहा ठेवून गेली, तो गार झाला. ऊन कलायला लागलं तेव्हा बाईंचा सा एकदा तंबोऱ्यात असा मिसळला की त्यांना स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येईना. कोकिळाबाईनं मान खाली घातली. बाईंच्या ते ध्यानात आलं. परतताना त्यांना गाडीत गाढ झोप लागली आणि लोटूला त्यांना दारात उठवावं लागलं.

नंतर कुसुम आली. दिराला तिनं सांगितलं की मी गाणं शिकायला जाते, कोकिळाबाईकडे. दीर तिच्याशी बोलेनासा झाला, पण त्यानं अडवलं नाही. आणखी एक आली, पण दोनदा येऊन तिचं येणं थांबलं. नऊ कधी झाल्या नाहीत. खरं सांगून येणाऱ्या तीन-चारच राहिल्या.

रजनी येत नव्हती. सरुबाई आणि मालूबाई दोघी माहेरच्या डोईफोडिया गावच्या, लहानपणापासून ओळखीच्या. म्हणून सरुबाई एकदा त्यांच्याकडे गेली. मालूबाईंनी तिला जेवायला वाढलं आणि सांगितलं, "मी गाण्याला नाही म्हणत नाही. मी तिथं उभी राहून ऐकलं आहे. पण मला फसवलं, आणि त्या गल्लीतल्या बाईजवळ माझी सून बसणार नाही." सरुबाई जेवून परत आली.

दोन-तीन वर्षं गेली. प्रांतांची पुन्हा वाटणी झाली. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं आणि बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. कचेऱ्यांतल्या मराठी लोकांना कुठे जायचं ते विचारलं. रजनीच्या नवऱ्यानं अमरावती निवडली. सामान बांधून झालं, आणि निघायच्या आधीच्या रविवारी मालूबाई स्वतः टांगा करून सुनेला घेऊन निंबोल्याला आल्या. कोणाला नमस्कार केला नाही. बांधावर पाठ करून बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "जा. गाऊन घे."

रजनीचा सराव सुटला होता. आधी ती रडलीच. मग तिनं सारंग गायला. आवाज पहिल्यासारखा चढत नव्हता, पण खाली भरीव झाला होता. कोकिळाबाईनं तिला दोन ठिकाणी थांबवून दुरुस्त केलं, जणू काल शिकवून आज धडा घेत होती. तासाभरानं मालूबाई उठल्या. कोकिळाबाईशी त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. बाईंना मात्र म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. खोटं नाही बोलत."

"म्हणूनच नाही सांगितलं," बाई म्हणाल्या.

मालूबाईंनी यावर थोडा विचार केला, आणि टांग्यात जाऊन बसल्या. रजनी अमरावतीला गाते की नाही, इथं कोणाला कळलं नाही.

शाळेत मराठीचे वर्ग हळूहळू कमी झाले. बाई पाढे हिंदीतून शिकवायला शिकल्या, संध्याकाळी डोकं धरून घरी यायच्या. कोकिळाबाईला खोकला लागला तशी तिच्या भाचीनं तिला इंदूरला नेलं. तंबोरा ती सोबत घेऊन गेली. बाईंनी मग पेटी माळ्यावरून उतरवली. भाता उंदरांनी कुरतडलेला होता. सिंधीपुऱ्यात ती नीट करून घेतली. रविवारी त्या आणि कुसुम केळीत जाऊन जे येत होतं तेवढं गायच्या. शिकवायला कोणी नव्हतं. चुका तशाच पक्क्या होत होत्या आणि दोघींना ते कळतही होतं. बाई अनंतरावांना म्हणायच्या, आता हे बंद करावं. दर पावसाळ्यात म्हणायच्या.

मोठी झाल्यावर मीही कधीमधी केळीत जाऊन बसायचे. शेवटची गेले तेव्हा कॉलेजात होते. बाईंनीच बोलावलं होतं. कुसुमला ताप होता, ती आली नव्हती. सरुबाई मात्र एका अनोळखी बाईला घेऊन आली. मालती नाव, नवरा डोईफोडियाकडे जंगलखात्यात नाक्यावरचा नाकेदार, नुकतीच बदली होऊन आलेली. सरुबाईनं तिला बाजारात गुणगुणताना ऐकलं होतं आणि तिथूनच गाडीत घातलं होतं.

"ह्या बाई," सरुबाईनं तिला सांगितलं. "सगळं यायनंच सुरू केलं."

मालती उभीच राहिली. "मला काही येत नाही," ती म्हणाली. "थोडं आईकडे ऐकलेलं. आणि घरी अजून सांगितलं नाहीये."

बाईंनी डोळे मिटले, फळ्याशी मिटायच्या तसे. मला वाटलं, आता त्या म्हणणार, मला नाही होत. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी पेटी जराशी बाजूला ओढली आणि घोंगडीवर जागा केली.

"आधी घरी सांग," त्या म्हणाल्या. "आज आलीच आहेस तर बस. सा कुठला लागतो ते बघू."

मालती बसली. सरुबाई चहाचं बघायला गेली.